एकच टेबल, दोन परवाने

जर्मनीत पीएचडी करणारा माणूस विद्यार्थी की नोकरदार? आपल्याकडे हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो आणि तिथेच विरतो. इथे मात्र त्याच्या उत्तरावर निवासाचा परवाना ठरतो.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी इराणी मैत्रीण विद्यापीठाच्या करारावर आहे. तिला पगारपत्रक मिळतं, पेन्शनची कपात होते. मी शिष्यवृत्तीवर. यंत्र एक, मार्गदर्शक एक, शनिवारी पेशींना खाऊ घालायची पाळीही आलटून पालटून. पण तिचा परवाना निवास कायद्याच्या कलम १८ डी खालचा, संशोधकाचा. माझा १६ बी खालचा, शिक्षणाचा. संशोधकाच्या परवान्यासाठी संस्थेने यजमान-करार करून द्यावा लागतो. तो तिच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला की फाइल भरायची: पासपोर्ट, फोटो, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा, पैशांचा पुरावा, विद्यापीठाचं पत्र. प्रबंधाचा विषय टेबलापलीकडे कुणी विचारत नाही. पैसा कुठून येतो आणि कधीपर्यंत येणार, याच दोन ओळींवर बोट फिरतं. मग बोटांचे ठसे, आणि कार्ड बर्लिनहून छापून येईपर्यंत काही आठवडे.

टर्मिन वेळेत मिळाला नाही तरी घाबरायचं कारण नसतं. अर्ज मात्र जुनी मुदत संपण्याआधी गेलेला हवा. मग कलम ८१ नुसार निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. त्याचा दाखला म्हणजे १३ युरोंचा घडीचा कागद, 'फिक्शन्सबेशाइनिगुंग'. त्यावर खूण कुठल्या चौकटीत आहे ते आधी बघायचं. परिच्छेद ४ च्या चौकटीत असेल तर सुट्टीत पुण्याला जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ च्या असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. जाताना जुनं कार्डही जवळ ठेवायचं, कारण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर हा कागद ओळखीचा असेलच असं नाही.

खरा फरक कळतो तो कायमच्या निवासाच्या वेळी. मैत्रिणीला कलम १८ सी लागू होतं: संशोधकाच्या परवान्यावर तीन वर्षं, पेन्शनचे ३६ हप्ते, बी-१ पातळीची जर्मन आणि शिक्षणाला साजेशी नोकरी. माझा रस्ता कलम ९ चा: पाच वर्षं आणि ६० हप्ते. त्यात शिक्षणाच्या परवान्यावरची वर्षं निम्मीच धरतात, आणि शिष्यवृत्तीतून पेन्शनचा एकही हप्ता जात नाही. चार वर्षं एकाच टेबलावर काम करून माझ्या खात्यात दोन वर्षं आणि शून्य हप्ते.

शिष्यवृत्तीला कमी लेखायचं नाही. तिच्याशिवाय मी इथे आलेच नसते. पण पुण्यातून एखादी मुलगी फोन करून प्रवेशाचं विचारते, तेव्हा मी आधी तिला प्राध्यापकांना दोन प्रश्न विचारायला सांगते: पैसे करारातून मिळणार की शिष्यवृत्तीतून? आणि शिष्यवृत्तीच असेल, तर संस्था यजमान-करार करून देईल का?