अर्थशास्त्र सुरू करताय? आधी केळीचा भाव वहीत लिहा

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

मागच्या आठवड्यात धुळ्याहून एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. एफवायबीएला अर्थशास्त्र घेतलंय. म्हणाला, "दादा, कुणीतरी सांगितलं म्हणून जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. वीस पानांतच दम निघाला. विषय बदलून टाकू का?"

भावा, विषय राहू दे. वाचायचा क्रम बदल. मी स्वतः बी.टेक.वाला. अर्थशास्त्र शिकलो ते नोकरी लागल्यावर, आणि माझीही सुरुवात चुकलीच होती. शेअर बाजाराचे व्हिडिओ बघत होतो आणि वाटायचं, हेच अर्थशास्त्र. वर्षभराने कळलं की महागाई कशी मोजतात हेसुद्धा मला सांगता येत नाही. म्हणून मला उपयोगी पडलेला क्रम सांगतो. यातलं सगळं मोबाईलवर मिळतं आणि फुकट मिळतं.

पहिलं पुस्तक बालभारतीचं, अकरावी आणि बारावीचं अर्थशास्त्र. पीडीएफ बालभारतीच्या वेबसाइटवर आहे. सायन्सवाल्यांनी तर इथूनच सुरू करा. मागणी, पुरवठा, लवचीकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न हे शब्द आधी मराठीत पक्के झाले पाहिजेत.

दुसरं, एनसीईआरटी. बारावीची दोन पुस्तकं आहेत, एक सूक्ष्म आणि एक स्थूल अर्थशास्त्राचं. अकरावीचं संख्याशास्त्राचंही घ्या. इंग्रजी जड जात असेल तर हिंदी आवृत्ती आहे. माझी युक्ती सोपी होती: एक प्रकरण आधी मराठीत वाचायचं, मग तेच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे इंग्रजी शब्दांची भीती जाते.

आता तिसरी गोष्ट. ही बहुतेक जण करतच नाहीत. पुस्तकात मागणीचा आणि पुरवठ्याचा नियम सांगताना चार शब्द येतात: 'इतर परिस्थिती कायम असताना'. आपण ते पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. खरं तर सगळी गंमत त्या चार शब्दांत आहे.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मराठीत असतात. आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. जळगाववाल्यांनी केळी घ्या, धुळेवाल्यांनी कापूस किंवा कांदा. महिनाभर रोज वहीत एक ओळ लिहा.

एखाद्या आठवड्यात दिसेल की केळीची आवक वाढली, तरी भाव पडला नाही. पुस्तक चुकलं का? नाही. श्रावणातले उपवास किंवा रमजान आला की केळीला मागणी वाढते. म्हणजे 'इतर परिस्थिती' कायम राहिलीच नाही. मागणीचा अख्खा वक्र उजवीकडे सरकला. हे एकदा स्वतःच्या आकड्यांत दिसलं की पाठ करायची गरज उरत नाही.

आता कापूस बघा. भाव पटला नाही तर शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो आणि वाट बघतो. केळीचा घड कापला की थांबता येत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. पुरवठ्याची लवचीकता म्हणतात ती हीच. केळीवाला व्यापाऱ्यासमोर इतका हतबल का असतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आकड्यांची गोडी लागली की चौथी पायरी. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हा अहवाल दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आधी येतो, आणि तो मराठीत असतो. त्याच अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' शोधा. जळगावचं वेगळं, धुळ्याचं वेगळं. सिंचन, पिकं, बँका, कारखाने, सगळं तक्त्यांत. दोन्ही जिल्ह्यांचा एकच तक्ता शेजारी ठेवा आणि फरक का पडला असेल, ते पाच ओळींत लिहा. प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय शोधायला लांब जावं लागणार नाही.

यानंतर इंग्रजीत पुढे जायचं असेल तर कोअर इकॉन. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेलं मोफत ऑनलाइन पुस्तक आहे. लेक्चर हवे असतील तर स्वयम. शिकायला पैसे नाहीत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी लागते.

आणि हो, मोबाईलवर डोळे दुखले तर जळगावात व. वा. वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. तिथे जाऊन बसा.

धुळ्याच्या भावा, ते जाड पुस्तक विकू नकोस. सहा महिन्यांनी परत उघड. तोवर वही घे आणि आजचा भाव लिही. महिना झाला की वहीच्या पानांचा फोटो पाठव, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये तुझ्याच आकड्यांवर बोलू.