कोण विचारतंय, त्यावर उत्तर ठरतं
लेखमाला : कामाच्या जागी अभ्यासक (लेखांक ५)

परदेशी मालकीच्या कारखान्यात अभ्यासासाठी परवानगी कशी मिळते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

रायगड जिल्ह्यातल्या पालीहून पाटणूसच्या रस्त्यानं गेलं की विळे-भागाडची एमआयडीसी लागते. दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीचा पोलाद कारखाना तिथे आहे. मोटारींना लागणारा पत्रा तिथे तयार होतो. समजा, पालीतलीच एक मुलगी पीएच.डी.साठी अशा एखाद्या कारखान्यातल्या कामगारांशी बोलायला निघाली. मराठी आहे, इथलीच आहे, म्हणजे तिला सगळं सहज कळेल असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. एचआरच्या माणसाबरोबर ती शॉपमध्ये दिसली की कंत्राटी कामगार तिला ऑफिसची समजणार. आडनाव सांगितल्याबरोबर जात कळणार, पुढचा प्रश्न ‘पालीत कुठल्या आळीत?’ कातकरी वाडीवरून कामाला येणारा तिच्याशी जपूनच बोलेल. बिहार-झारखंडहून आलेल्याला ती ‘लोकल’ वाटेल, आणि नोकऱ्यांत स्थानिकांना किती जागा, हा वाद तर आधीच पेटलेला असतो. कोरियन साहेबाला ती युनियनची की पेपरवाली, हे समजत नाही. एकाच दिवसात तिची चार माणसं होतात आणि प्रत्येकीच्या कानावर वेगळी गोष्ट पडते.

मलेशियात हेच मानववंशशास्त्रज्ञ आयवा ओंग यांच्या बाबतीत होतं. त्या पेनांगच्या चिनी कुटुंबातल्या. अभ्यास करायचा होता जपानी कारखान्यांत काम करणाऱ्या मलय मुलींचा. त्या सेलांगोरमधल्या खेड्यात राहिल्या. कामावर मुलींच्या अंगात येतं, त्यामागचा ताण त्यांना उलगडला तो मुलींच्या घरचं जगणंही जवळून पाहिल्यामुळे. त्यांचं पुस्तक १९८७चं. अभ्यासक पुन न्गाई १९९५-९६मध्ये शेन्झेनच्या एका हाँगकाँगी मालकीच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात लाइनवर बसल्या. पण प्रवेश मिळाला होता संचालकाच्या ओळखीनं. अशी ओळख दारात सोडून आत जाता येत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात प्रांजळ उदाहरण कारखान्यातलं नाही, खेड्यातलं आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. ब्राह्मण म्हणून आणि पाटलाच्या आश्रयानं राहिल्यामुळे गावाचा दलित भाग आपल्याला फारसा दिसलाच नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं.

मग ओळख लपवून कामगार म्हणून भरती व्हावं का? काहींनी तसं केलं आहे. पालीसारख्या ठिकाणी मुळात ते लपणार नाही, आणि लपलं तरी मला ते मान्य नाही. कंत्राटी माणसाचं काम ठेकेदाराच्या मर्जीवर चालतं. सत्य कळल्यावर नुकसान त्याचं होतं, आपला प्रबंध मात्र पूर्ण झालेला असतो.

त्यापेक्षा प्रत्येक मुलाखतीच्या वर लिहून ठेवावं : ओळख कुणी करून दिली, बसलो कुठे, सुपरवायझर जवळ होता का, समोरच्यानं मला कोण समजलं. सुट्टीच्या दिवशी कामगाराच्या घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. जमलं तर परप्रांतीय किंवा परदेशी सहकाऱ्यालाही तो विचारायला सांगावा. उत्तरं जुळली नाहीत तर एक खोटं ठरवून दुसरं ठेवायची घाई करू नये. पगाराबद्दल साहेबाच्या माणसाला एक आकडा आणि गावच्या मुलीला दुसरा सांगितला गेला असेल, तर त्या दोन आकड्यांमधलं अंतर हाच त्या कारखान्यातल्या भीतीचा पुरावा असतो. प्रबंधात दोन्ही आकडे आले पाहिजेत, आणि कुणी विचारल्यावर कुठला मिळाला तेही.