बाळ काचेत, गाणं घरचं

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की घरचे सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ त्या काचेच्या आत ऊब असते, नाकावाटे पोटात सोडलेली दुधाची नळी असते. बाहेर मॉनिटरची टिकटिक आणि मधूनच केकाटणारा अलार्म. गर्भात त्याच्या कानावर साधारण सहाव्या महिन्यापासून पडत होतं ते निराळंच: आईच्या काळजाचे ठोके, रक्ताची सळसळ आणि पाण्याखालून यावा तसा तिचा आवाज.

हे आवाज बाळाला पुन्हा ऐकवून पाहायचे, असा प्रयोग न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयातल्या संगीतोपचारतज्ज्ञ जोआन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. 11 अतिदक्षता विभागांतली 272 बाळं त्यात होती. निष्कर्ष 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आले. वापरलेल्या गोष्टी तीनच. एक चपटं गोल वाद्य. आत धातूचे बारीक मणी, संथ कलतं केलं की सळसळ ऐकू येते. दुसरी लाकडी पेटी, बोटांनी हलकेच वाजवली की काळजाच्या ठोक्यांसारखी. तिसरं गाणं, आणि ते आईवडिलांनी निवडायचं. अंगाईच हवी अशी अट नव्हती. घरात जे गुणगुणलं जातं ते चाले. त्याची लय संथ करून झोक्याच्या चालीत बसवली जाई. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांच्या बाळाच्या वाट्याला ‘ट्विंकल ट्विंकल’ यायचं.

हे सगळं समोरासमोर, रेकॉर्डिंग नाही. गाणाऱ्याची नजर बाळाच्या छातीवर असते आणि श्वास जसा वरखाली होईल तशी लय धरली जाते. मोबाइलवर लावलेल्या गाण्याला समोरचं बाळ दिसत नाही, फरक इतका साधा आहे.

तिन्ही प्रकारांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावले. सळसळीने झोप सुधारली. घरच्या गाण्याने मात्र बाळं जास्त दूध घेऊ लागली, आणि जिथे वजनाचा एकेक ग्रॅम मोजला जातो तिथे ही लहान गोष्ट नव्हे. आईवडिलांचा ताणही उतरला. दिवसभर काचेबाहेर हात बांधून उभं राहणाऱ्या माणसाला अखेर करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

जिनिव्हातली गोष्ट तर आपल्या ओळखीची निघाली. तिथल्या संशोधकांनी संगीतकार आंद्रेआस फॉलनवायडर यांना बोलावलं. ते बरीच वाद्यं घेऊन आले आणि अनुभवी परिचारिकेच्या मदतीने बाळांना ती ऐकवून पाहिली. सर्वांत जास्त दाद मिळाली गारुड्याच्या पुंगीला! रडून हैराण झालेली बाळं जवळजवळ लगेच शांत होत. पुंगी, हार्प आणि घंटा घेऊन मग खास धून रचली गेली. ती मात्र हेडफोनवरून ऐकवली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, धून ऐकलेल्या बाळांच्या मेंदूतले काही जोड पूर्ण दिवसांच्या बाळांशी अधिक जुळणारे दिसले.

म्हणून कोणी लगेच ‘हुशार बाळाची सीडी’ विकायला काढू नये. 2023 मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा 25 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हृदयाची गती मंदावते हे दिसलं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढल्याचं दिसलं नाही. नॉर्वे, पोलंड, इस्रायल, कोलंबिया आणि अर्जेंटिना या 5 देशांतल्या एका अभ्यासात दोनशेहून अधिक कुटुंबं होती; त्यांतल्या काहींना संगीतोपचाराच्या आधाराने बाळासाठी गायला लावलं गेलं. आई-बाळाचं नातं सहा महिन्यांनी मोजलं, तर न गायलेल्या गटाहून ते वेगळं नव्हतं. बाळाशी आईचं जुळायला गाण्याची वाट पाहावी लागत नसणार, असा एक अर्थ यातून काढता येतो.

कधी थांबायचं, हे बाळच सांगतं. त्याची बोटं पंजासारखी फाकली, कपाळाला आठी पडली, जांभई किंवा उचकी आली की पुरे झालं समजायचं. गाणारी व्यक्ती आवाज उतरवत नुसत्या गुणगुणण्यावर येते, मग गप्प होते. हात काचेच्या खिडकीशी तसाच राहतो. बोटं पुन्हा मिटली, तर पुढची ओळ.