हॅक्लूटचा ग्रंथ आणि ‘लागवडी’ची भाषा

रिचर्ड हॅक्लूट हा इंग्रज धर्मोपदेशक स्वतः पॅरिसपलीकडे कधी गेला नाही. जगाच्या टोकापर्यंत जाऊन आलेल्या, आणि कित्येकदा जाऊन परत न आलेल्या, आपल्या देशबांधवांचे वृत्तान्त मात्र त्याने अशा निष्ठेने गोळा केले की, सोळाव्या शतकातील इंग्रजांच्या समुद्रसंचाराचा विचार आजही त्याच्या ग्रंथावाचून करता येत नाही. ‘इंग्रज राष्ट्राचे प्रमुख जलप्रवास, देशपर्यटने आणि शोध’ अशा अर्थाचे भारदस्त नाव धारण करणारा हा ग्रंथ प्रथम १५८९ मध्ये निघाला, आणि पुढे १५९८ ते १६०० ह्या काळात तीन खंडांत वाढवून पुन्हा प्रसिद्ध झाला. जेम्स अँथनी फ्राउड ह्या इतिहासकाराने १८५२ मध्ये त्याला इंग्रज राष्ट्राच्या गद्य महाकाव्याचा मान दिला. इंग्रजी विद्येबरोबर हे मतही आपल्याकडे आले, आणि हॅक्लूट म्हणजे पराक्रमाचा भाट अशी त्याची प्रतिमा रूढ झाली.

ग्रंथ प्रत्यक्ष उघडला की ही प्रतिमा टिकत नाही. महाकाव्याला नायकाचा विजय लागतो. येथे पानोपानी अपयश आहे. १४९७ मध्ये जॉन कॅबट ब्रिस्टलहून निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, पण पुढच्या सफरीत तो दिसेनासा झाला. १५५३ मध्ये ईशान्येकडून चीनला जाण्यासाठी निघालेला सर ह्यू विलोबी लॅपलंडच्या किनाऱ्यावर सहकाऱ्यांसह मरण पावला. त्याचा साथी रिचर्ड चॅन्सेलर मॉस्कोला पोचला आणि त्यातून रशियाशी व्यापार करणारी कंपनी उभी राहिली, एवढेच त्या सफरीचे फळ. मार्टिन फ्रोबिशरने १५७६ ते १५७८ ह्या काळात वायव्येकडे तीन सफरी केल्या. तिसरीत पंधरा जहाजे होती, आणि सोने म्हणून त्याने हजाराहून अधिक टन काळा दगड बर्फाळ बेटांवरून इंग्लंडात वाहून आणला. तो निव्वळ दगडच निघाला. सर हम्फ्री गिल्बर्टने ५ ऑगस्ट १५८३ रोजी न्यूफाउंडलंड राणीच्या नावाने ताब्यात घेतल्याची द्वाही फिरविली. परतीच्या वाटेवर तो आपल्या चिमुकल्या जहाजासह बुडाला. अखेरच्या दिवशी तो जहाजाच्या मागच्या टोकाला हातात पुस्तक घेऊन बसला होता, असे त्याचा सहकारी एडवर्ड हेज सांगतो. फ्रान्सिस ड्रेकची पृथ्वीप्रदक्षिणा (१५७७-८०) वगळली, तर ह्या शतकाच्या जमाखर्चात इंग्रजांच्या बाजूला फारसे काही उरत नाही. स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांची साम्राज्ये तेव्हा भरास आली होती. इंग्रज उशिरा आलेले, आणि उशीर झाल्याची जाणीव असलेले होते.

ही जाणीव हॅक्लूटला पॅरिसमध्ये विशेष बोचली. १५८३ पासून पाच वर्षे तो तेथील इंग्रज वकिलातीत धर्मोपदेशक होता. इंग्रज लोक समुद्राच्या बाबतीत आळशी आहेत, असे तेथे बोललेले त्याने ऐकले आणि पुस्तकांत वाचले. त्यावर त्याने जो उपाय योजिला तो शुद्ध वाङ्मयीन होता: त्याने भाषांतरे केली आणि करविली. इतालियन भाषेत रामूझिओने १५५० ते १५५९ च्या दरम्यान प्रवासवृत्तांचे तीन खंड काढले होते. तोच त्याच्यापुढचा आदर्श. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए ह्याच्या कॅनडाच्या सफरी त्याने जॉन फ्लोरिओकडून १५८० मध्ये इंग्रजीत आणविल्या. हाच फ्लोरिओ पुढे माँतेन्यचा भाषांतरकार म्हणून नावाजला. लोदोनिएरचा फ्लोरिडाचा इतिहास त्याने १५८७ मध्ये स्वतः फ्रेंचमधून उतरविला. गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहून गेलेल्या लिन्स्कोटेन ह्या डच माणसाचा ग्रंथ १५९८ मध्ये इंग्रजीत आला, तोही त्याच्याच प्रेरणेने. इंग्रज राष्ट्राचे म्हणून जे महाकाव्य वाखाणले जाते, त्याचा कर्ता असा दुसऱ्यांच्या ज्ञानाचा अथक भाषांतरकार होता. आपल्या व्यवसायबंधूंना वाङ्मयेतिहासात सहसा दुय्यम स्थान मिळते. येथे एका भाषांतरकाराच्या हातून केवढे काम झाले ते पाहून मन प्रसन्न व्हावे की सचिंत, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

संपादक म्हणून त्याचा एक गुण निर्विवाद आहे. साक्षीदाराचे म्हणणे तो साक्षीदाराच्याच शब्दांत ठेवतो. खलाशी खलाशासारखा बोलतो, व्यापारी मालाच्या भावांत रमतो, सरदार स्वतःचे समर्थन करतो. पहिल्या आवृत्तीत मँडेव्हिलच्या अद्भुत कथा होत्या. त्या त्याने दुसऱ्या आवृत्तीतून गाळल्या. मेक्सिकोच्या आखातापासून उत्तरेकडे अर्धे खंड पायी चालून आल्याचे सांगणाऱ्या डेव्हिड इन्ग्रमचीही त्याने तशीच वासलात लावली. ह्या प्रामाणिकपणामुळेच त्याचा ग्रंथ त्याच्या हेतूविरुद्धही साक्ष देतो, आणि आज आपण तो वाचायचा तो ह्याच कारणासाठी.

त्याचा हेतू काय होता, हे १५८४ मध्ये त्याने वॉल्टर रॅलेच्या सांगण्यावरून लिहून राणीला सादर केलेल्या एका निबंधावरून स्पष्ट होते. हा निबंध १८७७ पर्यंत हस्तलिखितातच राहिला. अमेरिकेत इंग्रजांनी वस्ती केली तर लोकरी कापडाला गिऱ्हाईक मिळेल, रिकाम्या हातांना काम मिळेल, स्पेनच्या संपत्तीवर घाला घालता येईल आणि ख्रिस्ताचा संदेश पसरेल, असा त्याचा युक्तिवाद. पण मला थांबावे लागते ते त्यातील मुख्य शब्दापाशी. तो शब्द आहे ‘प्लँटिंग’. आपण त्याचे सर्रास ‘वसाहत’ असे भाषांतर करतो, आणि त्या सोयीत मूळ शब्दातील माती हरवते. शब्द शेताचा आहे. रोपे लावावीत तशी माणसे लावायची, म्हणजे ही लागवड. उलट ‘गाव वसविणे’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते ओस पडलेले गाव, कौल देऊन परत आणलेली कुळे आणि पुन्हा नांगराखाली आलेले पडीक रान. ‘लागवड’ ह्या शब्दात निदान हा प्रश्न तरी दबा धरून बसतो, की ह्या जमिनीत आधी काय उगवले होते?

हा शब्द अमेरिकेच्या आधी आयर्लंडात कसाला लागला होता. मन्स्टर प्रांतातील बंड १५८३ मध्ये मोडल्यानंतर तेथील जप्त जमिनीवर इंग्रजांची जी ‘लागवड’ झाली, तीत एकट्या रॅलेच्या वाट्याला सुमारे ४०,००० एकर आले. व्हर्जिनियाची सनद ज्याच्या नावे होती तोच हा रॅले. गिल्बर्टनेही १५६९ मध्ये मन्स्टरमध्ये सेनापती म्हणून अमानुष क्रौर्य केले होते. अटलांटिकपार जाणारी माणसे आणि शब्द असे घराशेजारीच तयार झाले.

आता १५८५ कडे वळू. रॅलेने पाठविलेली शंभरावर माणसे आजच्या उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील रोआनोक बेटावर उतरली. त्यांत जॉन व्हाइट हा चित्रकार आणि टॉमस हॅरियट हा गणिती होता. व्हाइटने सेकोटन नावाच्या गावाचे चित्र काढले आहे. त्यात मक्याची तीन शेते आहेत: एक नुकते उगवलेले, एक हिरवे, एक पिकलेले. १५९० मध्ये थिओडोर द ब्राय ह्याने ही चित्रे ताम्रपटांवर कोरून हॅरियटच्या अहवालासह चार भाषांत छापली, आणि चित्रांखालील लॅटिन मजकूर इंग्रजीत आणला तो हॅक्लूटनेच. आधीच लागवडीखाली असलेल्या भूमीचे हे वर्णन लागवडीच्या पुरस्कर्त्याने स्वतःच्या हाताने भाषांतरित केले. त्याला त्यात विसंगती वाटली नसावी. जमीन सुपीक आहे एवढाच अर्थ त्याने घेतला असेल.

त्या सुपीकतेचे काय झाले तेही त्याच्याच ग्रंथात आहे. १५८५ च्या जुलैत एक चांदीचा प्याला चोरीस गेला म्हणून सर रिचर्ड ग्रेनव्हिलच्या लोकांनी ॲक्वास्कोगॉक हे गाव आणि तेथील उभे पीक जाळले. रोजनिशी लिहिणारा हे हवामानाच्या नोंदीइतक्या सहजतेने सांगतो. पुढचा हिवाळा इंग्रजांनी काढला तो स्थानिकांच्याच मक्यावर. धान्य मिळेनासे झाले, संशय वाढला, आणि जून १५८६ मध्ये राल्फ लेनच्या लोकांनी तेथील अधिपती विंगिना ह्याला ठार केले. काही दिवसांतच ड्रेकच्या जहाजांतून सगळे मायदेशी परतले. आपल्यापैकी काहींनी सहज सोसता येण्याजोग्या कारणांसाठी माणसे मारली, अशी कबुली हॅरियट अहवालाच्या शेवटी देतो.

हॅरियटचा हा अहवाल १५८८ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी हॅक्लूटने तो आपल्या ग्रंथात घेतला. बराचसा भाग म्हणजे मालाची यादी आहे: रेशीम, ताग, तांबे, कंद, लाकूड. पण शेवटी तो लोकांकडे वळतो आणि गद्याचा पोतच बदलतो. इंग्रज ज्या गावांत गेले आणि जेथे त्यांच्याविरुद्ध काही कारस्थान झाले असे त्यांना वाटले, तेथे ते निघून गेल्यावर थोड्याच दिवसांत माणसे पटापट मरू लागली. कोठे वीस, कोठे चाळीस, कोठे साठ. एका ठिकाणी एकशेवीस. लहान गावांच्या मानाने हा आकडा फार मोठा, हे तोच सांगतो. रोग कोणता, त्यावर उपाय काय, हे तेथील जाणत्यांनाही कळेना. त्यांनी अनेक तर्क केले. हे परके लोक दूरवरून न दिसणाऱ्या गोळ्या झाडतात, असा एक तर्क. आणि ह्यांच्याच जातीचे आणखी लोक मागून येणार आहेत, ते आम्हांला मारून आमच्या जागा घेतील, असा दुसरा. हॅरियटला ह्यात ईश्वराचा कौल दिसतो. सूर्यग्रहण आणि धूमकेतू ह्यांचाही तो विचार करतो. आज आपल्याला रोगजंतूंची भाषा ठाऊक आहे, आणि पुढचा इतिहासही. त्यामुळे ह्या उताऱ्याचे मराठी करू पाहताना लेखणी अडते ती शब्दांमुळे नव्हे. ज्यांचा तर्क खरा ठरला ते ह्या पानावर अंधश्रद्ध म्हणून उभे आहेत, आणि त्यांचा तर्क जतन करून ठेवणारा हात त्यांच्या जागा घेण्याची शिफारस करणाराच आहे.

हे तर्क हॅरियटला कळले कसे? त्याला त्यांची भाषा येत होती. १५८४ च्या पहिल्या टेहळणीत मँटेओ आणि वांचीज असे दोन तरुण लंडनला आणले गेले होते. त्यांच्याकडून हॅरियट अल्गाँकियन भाषा शिकला आणि तिचे ध्वनी टिपण्यासाठी त्याने छत्तीस नव्या चिन्हांची लिपी रचली. रोमन अक्षरांत परके उच्चार कोंबण्याऐवजी नवी चिन्हे घडवावीत, हे त्या काळाच्या मानाने विलक्षण सौजन्य होते. ते पुढे कोणाच्या उपयोगी पडले नाही. अहवालात राहिले ते सुटे शब्द: मक्याला ‘पगाटाउर’, तंबाखूला ‘उप्पोवॉक’, काही कंदांची आणि देवतांची नावे.

ते दोघे दुभाषे भिन्न वाटांनी गेले. मायदेशी परतताच वांचीजने इंग्रजांची संगत सोडली. मँटेओ मात्र त्यांच्याबरोबर राहिला. १५८७ मध्ये व्हाइटच्या नेतृत्वाखाली स्त्रिया-मुलांसह नवी वस्ती आली. तिच्या लोकांनी पहाटेच्या अंधारात शत्रू समजून मँटेओच्याच आप्तांवर हल्ला केला. व्हाइट लिहितो, की मँटेओला दुःख झाले, तरी दोष त्याने स्वकीयांच्याच गाफिलपणाला दिला. हे तो खरोखर असे म्हणाला काय? म्हणाला असल्यास कोणत्या भाषेत, आणि दुभाष्याचे दुःख दुसऱ्या भाषेत कोणी आणले? हॅक्लूटच्या ग्रंथात ह्यावर दुसरा साक्षीदार नाही. त्या प्रसंगानंतर काही दिवसांतच, १३ ऑगस्टला, मँटेओचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला रोआनोकचा ‘लॉर्ड’ हा किताब मिळाला. व्हाइट मदत आणण्यासाठी इंग्लंडला गेला. स्पेनशी युद्ध जुंपल्याने त्याला परतायला १५९० उजाडले. तेव्हा वस्तीत कोणी नव्हते. खांबावर कोरलेला ‘क्रोआटोअन’ हा शब्द होता, म्हणजे मँटेओच्या बेटाचे नाव. व्हाइटच्या पुरलेल्या पेट्या उकरलेल्या, पुस्तकांची पाने फाटलेली, नकाशे पावसाने कुजलेले. वादळामुळे तो त्या बेटापर्यंत पोचू शकला नाही.

ह्याच ग्रंथात एक पत्र गोव्याहून लिहिलेले आहे. तारीख १० नोव्हेंबर १५७९. लिहिणारा टॉमस स्टीफन्स, हा मराठी वाचकाला ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर स्टीफन्स म्हणून परिचित आहे. लिस्बनपासूनच्या प्रवासाची हकीकत तो वडिलांना कळवितो: होकायंत्राचे चकवे, उडते मासे, हिरड्या सुजविणारा रोग, दीडशेवर आजारी आणि त्यांपैकी सत्तावीस मृत. १५८३ मध्ये राल्फ फिच व त्याचे सोबती होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत हा स्टीफन्स होता. फिचची हकीकतही हॅक्लूटने दुसऱ्या आवृत्तीत छापली.

स्टीफन्सचे उदाहरण हॅरियटच्या समोर ठेवून ‘हा खरा भाषाप्रेमी’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना झाला आहे, आणि तो समजण्याजोगा आहे. मराठीचे त्याने केलेले कौतुक कृत्रिम नाही, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या केवळ कर्तव्यबुद्धीने लिहून होत नाहीत. परंतु साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. आणि ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी, जुनी पुराणे आता वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला एखादे पुराण द्यावे, अशी विनंती एक नवख्रिस्ती ब्राह्मणच करतो. म्हणजे हे रोपही मोकळ्या केलेल्या जमिनीत लागले. फरक एवढा, की ते लावणाऱ्याने मातीची भाषा स्वतःच्या तोंडी घेतली, आणि ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनी ती ओवी आपली म्हणून गायिली.

राशोलला १६१६ मध्ये हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते जगले हस्तलिखितांतून. त्यांतील देवनागरी लिपीत असलेली मार्सडेन संग्रहातील पोथी लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या-संस्थेत आहे. स्टीफन्सने वडिलांना लिहिलेले इंग्रजी पत्र हॅक्लूटने ज्या शहरात छापून घेतले, त्याच शहरात.