बोटाखालची स्प्रिंग

लेखनाच्या साधनांचा विचार आपण बहुधा बोरूपासून सुरू करतो आणि टाक, दौत, फाउंटन पेन असे करत फार तर टाइपरायटरपर्यंत येऊन थांबतो. संगणकाचा कळफलक या मालिकेत बसवताना मन कचरते. तो लेखनाचे साधन न वाटता एका यंत्राचा सुटा भाग वाटतो. वास्तविक आज पुष्कळ लिहिती माणसे दिवसाचे जितके तास कळफलकावर बोटे ठेवून असतात, तितका वेळ त्यांच्या हातात पेन नसते. म्हणून जो प्रश्न आपण पेनच्या टोकाविषयी सहज विचारतो, तो इथेही विचारायला हवा : हे साधन लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे घडवता येते का?

बोरूच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. लिहिणारा बोरू स्वतः तासत असे. देवनागरीसाठी टोकाला तिरका छेद द्यायचा. तो किती तिरका आणि टोक किती रुंद, हे ज्याच्या त्याच्या हाताने ठरे. टाइपरायटर हे कारखान्यातले यंत्र. पण विसाव्या शतकातल्या अनेक टाइपरायटरांवर ‘टच कंट्रोल’ नावाची एक लहान खिट्टी किंवा चक्री असे. ती फिरवली की सगळ्या कळांचा ताण कमी-जास्त होई. संगणक घरोघरी आला आणि ही खिट्टी गेली. कळफलक जसा खोक्यातून निघाला तसा वापरायचा, हा नियम होऊन बसला.

त्यामागचे कारण कळफलकाच्या आत आहे. बाजारातल्या स्वस्त कळफलकांत प्रत्येक कळेखाली रबराची एक छोटी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी कोसळते आणि खालच्या प्लॅस्टिकच्या पातळ थरांवर दाब येऊन विद्युतजोड होतो. बोटाला जाणवणारा भार, मध्ये लागणारा अडथळा आणि कळ परत वर येणे ही तिन्ही कामे एकच रबर करते. त्यामुळे त्यांतले एक बदलून दुसरे तसेच ठेवता येत नाही. आयबीएमचा 1985 चा प्रसिद्ध ‘मॉडेल एम’ अधिक टिकाऊ. त्यात रबराऐवजी स्प्रिंग आहे. ती दाबली जाता जाता एका क्षणी बाजूला वाकते आणि टक् असा आवाज होतो. पण तिथेही भार, अडथळा आणि आवाज तिघांचा धनी एकच : ती स्प्रिंग.

या तिघांची फारकत केली ती चेरी कंपनीच्या ‘एमएक्स’ स्विचने. वॉल्टर चेरी यांनी 1953 मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही कंपनी पुढे जर्मनीत स्थिरावली आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिने हा स्विच आणला. प्रत्येक कळेखाली एक स्वतंत्र स्विच, अशी त्याची रचना. मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, कैल अशा चिनी उत्पादकांनी त्याच मापाचे स्विच बनवायला सुरुवात केली. त्यातून अनपेक्षितपणे एक सोय झाली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या स्विचमध्ये बसू लागला.

स्विच उघडला तर आत मोजून पाच गोष्टी दिसतात. खालची डबी, वरचे झाकण, मधली प्लॅस्टिकची दांडी, तिच्याखालची स्प्रिंग आणि डबीच्या एका कडेला धातूच्या पत्र्यांची जोडी. दांडीच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखा आकार असतो, त्यावर अक्षराची टोपी बसते. दांडीला एका बाजूला दोन छोटे पाय असतात. कळ वर असताना हे पाय एका पत्र्याला दुसऱ्यापासून दूर रेटून धरतात. कळ खाली गेली की पाय सरकतात, पत्रा मोकळा होऊन दुसऱ्याला टेकतो आणि अक्षर उमटते. दांडीचा पूर्ण प्रवास 4 मिलिमीटरचा. अक्षर साधारण 2 मिलिमीटरवर उमटते.

आता कामाची वाटणी पाहू. भार स्प्रिंगचा. अडथळा दांडीच्या पायांच्या आकाराचा. पाय सरळ उताराचे असतील, तर कळ लोण्यात सुरी जावी तशी जाते. पायांवर उंचवटा असेल, तर पत्रा त्यावरून चढून उतरतो आणि बोटाला तो टप्पा कळतो. चेरीचे स्विच दांडीच्या रंगावरून ओळखले जातात, त्यांतूनही हे दिसते. काळ्या आणि लाल स्विचच्या दांड्या दोन्ही सरळ. मुख्य फरक स्प्रिंगचा : काळ्यात अक्षर उमटण्याच्या ठिकाणी 60 सेंटिन्यूटन बल लागते, लाल स्विचमध्ये 45. (एक सेंटिन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम वजन.) उलट लाल आणि तपकिरी यांचा भार जवळपास सारखा, पण तपकिरी दांडीच्या पायांवर लहानसा उंचवटा आहे. म्हणजे कारखाना स्वतःच दोन-तीन दांड्या आणि दोन-तीन स्प्रिंगा यांच्या जोड्या लावून वेगवेगळे स्विच विकत असतो. तीच जुळणी घरी करणे, एवढाच या उद्योगाचा अर्थ.

स्प्रिंगचे शास्त्र रॉबर्ट हुकने 1678 मध्ये मांडलेल्या नियमावर उभे आहे. जितके दाबाल, त्या प्रमाणात विरोध. हा विरोध किती असेल हे मुख्यतः तीन मापांवर ठरते : तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. त्यांत जाडीचा परिणाम विलक्षण आहे, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार दहा टक्के जाड केली, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के ताठ होते. म्हणूनच दोन स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसतात आणि बोटाला पार निराळ्या लागतात.

इथे खरेदी करणाऱ्याची हमखास गफलत होते. स्प्रिंगच्या पाकिटावर ‘60 ग्रॅम’ असे लिहिलेले असते, पण कुठे मोजलेले 60? चेरी अक्षर उमटण्याच्या जागेचा आकडा देते. सुट्या स्प्रिंगा विकणारे अनेक जण कळ तळाला टेकते तिथला. शिवाय तळाचा आकडा सारखा असूनही दोन स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. समजा, पहिली स्प्रिंग आखूड आहे. ती 30 ग्रॅमपासून सुरू होते आणि तळाशी 60 वर जाते. दुसरी लांब, त्यामुळे स्विचमध्ये बसतानाच पुष्कळ दाबलेली. ती 46 वर सुरू होऊन तळाशी 60 वरच थांबते. मध्यावर, म्हणजे 2 मिलिमीटरवर, पहिलीचा भार 45 आणि दुसरीचा 53. पहिली आरंभी हलकी आणि पुढे चढत जाणारी. दुसरी आरंभापासून जड, पण जवळजवळ सपाट. पाकिटावरचा एक आकडा यातले काहीच सांगत नाही.

दांडी आणि स्प्रिंग यांचा संबंध किती नाजूक असतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एर्गो क्लिअर’. चेरीच्या ‘क्लिअर’ स्विचमधल्या दांडीचा उंचवटा तपकिरीपेक्षा ठळक, पण स्प्रिंग इतकी जड की तळाजवळ बोट अडते. हौशी मंडळींनी दांडी तीच ठेवून 62 किंवा 65 ग्रॅम म्हणून विकली जाणारी हलकी स्प्रिंग घातली. टप्पा स्पष्ट राहिला, ओझे उतरले. पण त्याहून हलकी स्प्रिंग घातली की काही कळा खालीच अडकू लागल्या. दांडीला वर येतानाही तोच उंचवटा पत्र्यापाशी ओलांडावा लागतो आणि तेवढे बळ स्प्रिंगमध्ये उरलेले नसते. कळ परत आणणे हे स्प्रिंगचे दुसरे काम. हलकेपणाच्या मागे लागल्यावर नेमका त्याचाच विसर पडतो.

दुसरे उदाहरण ‘होली पांडा’चे. ‘हेलो’ या स्विचची दांडी काढून ती ‘इन्व्हायर पांडा’ या मुळात सरळ चालीच्या स्विचच्या डबीत बसवली, तेव्हा दोन्ही मूळ स्विचांत नसलेला भरीव, गोलाईदार टप्पा तयार झाला. पुढे ही जोडी कारखान्यांतून तयार मिळू लागली. उंचवटा दांडीवर असतो हे खरे, पण तो जाणवतो दांडी, पत्रा आणि डबी यांच्या संगनमतातून.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. हिशेब करून पाहू. 1400-1500 शब्दांच्या लेखाला ढोबळमानाने दहा हजार वेळा कळ दाबावी लागते. सरासरी 50 ग्रॅमचा भार 4 मिलिमीटर दाबायचा, असे दहा हजार वेळा. एकूण काम होते 2 किलो वजन 1 मीटर उचलण्याइतके. बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवण्यापेक्षा फारसे जास्त नाही. तेव्हा हलक्या स्प्रिंगने श्रम वाचतात, ही समजूत एकूण कामाच्या दृष्टीने पोकळ आहे. खरा प्रश्न मापाचा आहे. अक्षर 2 मिलिमीटरवर उमटलेले असते, तरी बोट बेसावधपणे तळावर आदळत राहते. चढती स्प्रिंग त्याला हळूहळू आवरते. दांडीचा टप्पा त्याला काम झाल्याची खूण देतो. भार फारच कमी असेल, तर विसावलेल्या बोटानेही अक्षर उमटते. यात औषधोपचाराचा दावा नाही. बोटे दुखत असतील तर डॉक्टरांकडेच जावे.

आणि माप म्हटले की भाषा आली. इन्स्क्रिप्ट या मानक मांडणीत मात्रा आणि स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. काना रोमन ‘ई’च्या जागी, पाय मोडण्याची खूण ‘डी’च्या जागी, दोन्ही डाव्या मधल्या बोटाखाली. सुटे स्वर शिफ्ट धरून लिहायचे. ख, घ, थ, ध शिफ्ट धरूनच. मराठीला पदोपदी लागणारे ण आणि ळ, तेही तसेच. ‘आणि’ लिहिताना तीनपैकी दोन चिन्हांना शिफ्ट लागते, ‘आहे’मधल्या आ-लाही. इंग्रजी लिहिणाऱ्याची करंगळी वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामांपुरती शिफ्टकडे जाते. मराठी लिहिणाऱ्याची त्याहून कितीतरी अधिक वेळा.

शिफ्ट ही मारायची कळ नव्हे, धरून ठेवायची. मारायच्या कळेत आरंभीचा आणि मध्याचा भार महत्त्वाचा. धरायच्या कळेत तळाचा, कारण करंगळी तो तोलत असते. म्हणून दोन्ही शिफ्टखाली तळाशी कमी भाराची, सपाट चढाची स्प्रिंग आणि सरळ दांडी असावी, असे मला वाटते. फार हलकी मात्र चालत नाही. शिफ्टची टोपी रुंद असते आणि तिला तोलणाऱ्या तारेचे घर्षणही स्प्रिंगलाच पेलावे लागते. मधल्या डाव्या बोटाखालच्या दोन कळांना थोडा चढता भार आणि स्पष्ट टप्प्याची दांडी उपयोगी पडते, कारण ते बोट सतत कामात असल्याने आदळायला लागते. स्पेसबार अंगठ्याचा, तिथे जड स्प्रिंग खपते.

प्रत्यक्ष कृती कठीण नाही. अभियांत्रिकीचा गंध नसलेल्या माझ्यासारख्यालाही ती जमते. स्विच सॉकेटात बसणारे असतील तर चिमट्याने उपसायचे. सोल्डर केलेले असतील तर गोष्ट वेगळी : 104 कळांचे प्रत्येकी दोन म्हणजे 208 डाग सोडवायचे. मग झाकणाच्या कडांचे आकडे सैल करून स्विच उघडायचा, स्प्रिंग बदलायची, दांडी हवी तर बदलायची, पत्र्याला धक्का न लावता झाकण मिटायचे. दांडीच्या कडांना वंगणाचा पुसटसा हात द्यावा. उंचवट्याच्या पायांना देऊ नये, टप्पा बोथट होतो. सगळ्या कळा एकदम उघडू नयेत. दोन शिफ्ट आणि काना, एवढ्यांपासून आरंभ करावा, आठवडाभर लिहावे आणि मग पुढे जावे.

कारखान्यात भार ठरवणाऱ्यापुढे एक सरासरी बोट असते आणि बहुधा रोमन लिपीतला मजकूर. त्याने ‘आणि’ किती वेळा लिहावे लागते याचा विचार केलेला नसतो आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही रास्त नाही. बोरू विकणाऱ्यानेही छेद देऊन ठेवलेला नसे. तो देण्याची मोकळीक बोरूत होती. एमएक्स जातीच्या स्विचमध्ये ती आहे, रबराच्या घुमटीत नाही. नवा कळफलक घेताना किंमत आणि दिव्यांची रोषणाई यांच्या आधी विचारण्याजोगा प्रश्न हाच : याचे स्विच काढता येतात का, आणि काढल्यावर उघडता येतात का?