दोन केसपेपर, एकच जोडी हात

म्हाताऱ्या आईवडिलांची उठबस ज्याच्याकडे, तोच आजारी पडला की घरात दोन रुग्ण होतात आणि सांभाळणारे कोणी उरत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ही अडचण अंतरामुळे वाढते. मुरबाडला रेल्वे नाही. मोठ्या तपासणीला कल्याण किंवा उल्हासनगर गाठावे लागते. शहापूरकरांना आसनगाव, कसाऱ्याहून लोकल आहे, पण कर्करोगाचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयात चालू असतील तर एका फेरीत दिवस सरतो. तोवर म्हातारीला पाणी कोण देणार? शेजारधर्मावर भिस्त ठेवावी, तर भातकापणीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि भट्टीचे काम न झेपणारे आजारी.

क्षयरोगात ही गुंतागुंत सर्वांत जास्त. नेहमीच्या क्षयावर साधारण 6 महिने गोळ्या घ्याव्या लागतात. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, पण डॉक्टर सांगेपर्यंत रुग्णाने मास्क लावावा, वेगळे, हवेशीर जागी झोपावे आणि आईला भरवण्याचे काम जमल्यास दुसऱ्याकडे द्यावे. आईचीही तपासणी हवीच. उतारवयात क्षयाचा खोकला ठळक नसू शकतो. भूक मंदावते, वजन घटते, आणि ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिले जाते. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे दरमहा 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. हा पैसा रुग्णाच्या खाण्यासाठी आहे. घरात आईचे औषध संपले असेल तर तो कुठे जाईल, हे सांगायला नको.

दुसऱ्या आजारांत वैद्यकीय सल्लेच एकमेकांना छेद देतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वजन उचलायचे नसते; अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोनेक तासांनी कुशीवर वळवावे लागते. मधुमेही मुलीने इन्सुलिन टोचून घेतले आणि आधी वडिलांना भरवत बसली, तर तिचीच साखर उतरून ती कोसळू शकते. डॉक्टरांसमोर एका वेळी एकच केसपेपर असतो. म्हणून घरी दुसरे कोणी नाही, हे रुग्णाने आपणहून सांगावे. शस्त्रक्रियेची तारीख आणि इन्सुलिनची वेळ ठरवताना त्याचा विचार करता येतो. आशाताईंनाही ते ठाऊक असावे.

पैशाच्या वाटा आहेत, पण अरुंद. तहसील कार्यालयात 65 वर्षांखालील गंभीर आजारी निराधारांसाठी संजय गांधी योजनेचा आणि 65 पूर्ण केलेल्यांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो. वय 70 पासून आयुष्मान कार्डावर उत्पन्नाच्या अटीविना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. यांपैकी एकाही योजनेत रुग्णाजवळ घरी बसणाऱ्याची मजुरी धरलेली नाही.

भावंडांचा वाटा मात्र कायद्याने मागता येतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरण महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च ठरवू शकते, आणि ही जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात या सर्वांवर आहे. अर्ज आईवडिलांच्या नावाने होतो. त्यांना स्वतः करणे शक्य नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते.