गो, वेंट, गॉन... आणि माझी गेलेली विकेट!

खरं सांगा, मीटिंगमध्ये 'कॅच'चा भूतकाळ ऐनवेळी आठवला नाही म्हणून अख्खं वाक्यच फिरवलंय ना कधी? मी तर त्यात पीएच.डी. केलीय! शाळा मराठी मीडियमची. 'गो-वेंट-गॉन' पाढ्यांसारखं पाठ. पण पाढे येणं वेगळं आणि भाजीवाल्यासमोर झटकन हिशेब जमणं वेगळं.

मास कॉम संपवून एका इंग्रजी मासिकात इंटरव्ह्यूला गेले. पहिल्याच प्रश्नाला म्हटलं, 'आय हॅव रोट मेनी आर्टिकल्स.' समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'रिटन.' बस्स! पुढची वीस मिनिटं मी 'येस' आणि 'नो'वर काढली. नोकरी अर्थातच हुकली. एका 'रोट'साठी कोणी नाकारत नसावं हो. पण तोंडच न उघडणारी पत्रकार कोण घेणार?

मग हट्टाला पेटले. वाचता वाचता कळलं की 'वेंट' मुळात 'गो'चा नाहीच! तो 'वेंड' या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ, 'गो'नं चक्क ढापलेला. हसू नका, आपणही तेच केलंय. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेला' आलं 'गत'वरून!

२००७ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली, त्यातली आज ९८च तशी उरलीत. कमी वापरातली हळूहळू 'ईडी'च्या रांगेत जाऊन उभी राहिली. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, बोला! बी, हॅव, डू, गो मात्र रोज तोंडात असतात, म्हणून टिकली.

म्हणजे फंडा सोपा : जे रोज वापराल, तेच जिभेवर राहील. मी यादी फेकली आणि गट केले. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. थॉट, ब्रॉट, बॉट, कॉट, टॉट एका सुरातले. सिंग-सँग-संगच्या चालीवर ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. आणि 'डिड' आला की भूतकाळाचं ओझं तोच उचलतो, म्हणून 'डिडन्ट वेंट' नाही, 'डिडन्ट गो'. मग रोज लोकलमध्ये मैत्रिणीला कालचा दिवस इंग्रजीत सांगायचा, दादर येईपर्यंत. चुकलं तरी थांबायचं नाही, हा एकच नियम.

हा नियम मला शिकवला माझ्या तीन वर्षांच्या भाचीनं. परवा दारातूनच ओरडली, 'मावशी, बाबा ऑफिसला जाला!' मी म्हटलं, 'गेला.' 'हां, गेला. आणि मला चॉकलेट नाही दिला!' गाडी सुसाट पुढे.

त्या इंटरव्ह्यूत मलाही एवढंच म्हणता आलं असतं : 'येस, रिटन. अँड...'